तळवे

प्लास्टरच्या खोलीबाहेर, बाकड्याच्या वर,
चोवीस वर्षं मी ते चित्र पाहिलं नाही.
म्हणजे दिसायचं रोज.
दाराएवढं, काळं,
कुण्या मडमेनं बोटीनं मिरजेला धाडलेलं,
रोमच्या की कुठल्या देवळातल्या चित्राची नक्कल
असं मोठे डॉक्टर म्हणायचे.
डावीकडून तिरका एक उजेड यायचा
आणि एका हातावर संपायचा.
बाकी सगळं डांबर.

बाकड्यावरच्यांना त्याचं काही नव्हतं.
म्हैसाळची, बेडगची, आरगेची,
शेडबाळहून कानडी बोलत आलेली माणसं,
कुणाचा हात गळ्यात, कुणाचा पाय बापाच्या मांडीवर.
एक म्हातारी मात्र जाताना
चौकटीला बोटं लावून छातीला लावायची,
मग मिरासाहेबांच्या दर्ग्याकडे तोंड करून
पुन्हा तसंच.

मग इलाही सतारमेकर आला.
शिडीवरून घसरलेला, उजवी नडगी, अकरा आठवडे.
तो चित्राकडे नाही,
चित्राच्या अंगाकडे बघायचा.
"शिमोनभाऊ, हे चपड्याचं पॉलिश हाय.
दर नाताळला कुणीतरी वरनं हात मारलाय.
आत माणसं गुदमरल्यात."

मेट्रन पाटोळेबाईंनी परवानगी दिली,
म्हणजे नाही म्हटलं नाही.
रविवारी, उपासना सुटल्यावर,
कुबड्या भिंतीला टेकवून तो स्टुलावर बसला.
कापूस माझा, स्पिरिट माझं,
हात मात्र भोपळ्यावर फिरतो तसा,
गोल, गोल, न दाबता.
चहाच्या रंगाचे बोळे बादलीत पडत गेले.

आधी एक कुत्रं निघालं.
मग पाण्याची कड, दगडी पायरी.
मग एक बाई, चमत्काराकडे पाठ करून
पोराच्या डोक्यातल्या उवा काढणारी.
आणि अगदी खाली, चौकटीला टेकलेले,
आमच्याकडे केलेले
दोन तळवे.

त्यावरून आमचं वाजलं.
मी म्हटलं, चुकलाय चित्रकार.
शास्त्रात लिहिलंय, हा अडतीस वर्षं आजारी.
पडून राहिलेला तळवा मला विचार.
करवतीनं प्लास्टर फोडलं की आत निघतं
पांढरट, मऊ, साल सुटलेलं,
तान्ह्याच्या टाचेसारखं काहीतरी,
आणि तो वास, ज्याच्यापायी माणसं
आधी माझी माफी मागतात.
आणि हे बघ. टाचेला भेगा, भेगांत माती,
अंगठ्याखाली घट्टा.
हे रोज चार कोस चालणाऱ्याचे पाय.

"मग हमालाचे असतील," इलाही म्हणाला.
"बाजारातनं आणला असंल, पैसे देऊन झोपवला असंल.
पडून राहायचे पैसे.
जन्मात पयल्यांदा."

मी गप्प.
खांदा भरून आला असेल त्याचा,
उजेडात हात तसाच धरून.
हलू नको, म्हणाला असेल चित्रकार,
आणि तो, न हलता,
घरच्या पिठाचा हिशोब करत.

बुधवारी इलाहीचं प्लास्टर काढलं.
दिवसातून वीस वेळा म्हणतो तेच म्हणालो:
भार टाका.
कुणी टाकत नाही.
हाड जुळलेलं एक्स-रेत दिसतं,
पायाला कुठं दिसतंय?
तोही बाकड्याची कड धरून उभा,
कपाळाला घाम, तळवा फरशीला नुसता चिकटवलेला.
मग त्यानं वर पाहिलं.
येशूकडे नाही. तो चेहरा अजून काळाच होता,
तिथवर स्टूल पुरलं नव्हतं.
त्यानं त्या टाचा पाहिल्या,
एक शिवी हासडली
आणि टाकला.

चेहरा तसाच राहिला पुढे.
पाटोळेबाई रिटायर झाल्या, नव्या बाईंनी
स्पिरिटच्या बाटल्या मोजायला सुरुवात केली.
इलाही एकदा आला, काठीबिगर,
जरासा ओढत,
नंबर न लावताच आत.
चप्पल काढून पाय माझ्या टेबलावर ठेवला.
टाचेत लाख, लाकडाचा भुसा,
गल्लीतलं कसलं तरी काळं.

"बघ की," म्हणाला.
बाहेर रांग होती. मी बघत बसलो.